गुणगुणणारा माणूस

९ जानेवारी

आज ती भेटली. तिचं नाव इथेही लिहिणार नाही. ही वही कपाटात कुलपात असते, तरीही. पाकोळी म्हणू. खुर्चीवर बसली तरी ती बसल्यासारखी वाटत नाही, कधी उडून जाईल सांगता येत नाही.

ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर बसलो. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तळघरात, उपकरणं निर्जंतुक करण्याच्या खोलीत ती काम करते. कात्र्या, चिमटे, कापडं यांची गाठोडी बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. प्रत्येक गाठोड्यावर एक फिकी पट्टी चिकटवलेली असते. वाफ नीट लागली की पट्टीवर काळ्या तिरक्या रेघा उमटतात.

"कुकरची शिट्टीच समजा ताई," ती म्हणाली. "आणि आमचा कुकर शिट्टी द्यायचा बंद झालाय."

रेघा राखाडी येतात. कधी येतच नाहीत. तक्रार केली की वरून निरोप येतो, नवीन यंत्र मंजूर झालंय, तोवर चालवून घ्या. गाठोडी तशीच वर थिएटरात जातात. टाके चिघळलेल्या बायकांनी वॉर्ड भरलाय.

तिने फोनमधले फोटो दाखवले. "माझं नाव आलं तर मी संपले. मी कायम नाही, कंत्राटावर आहे." मी तिचा हात धरला आणि शब्द दिला.

मग तिची जीभ सुटली ती थांबेना. गुडघे, सासू, कॅन्टीनचा पाणचट चहा, डोळे वटारणाऱ्या मोठ्या सिस्टर, स्ट्रेचर ढकलणारे मामा, जे रुग्णाच्या डोक्याशी वाकून गुणगुणत जातात म्हणून बायका त्यांचीच वाट बघत बसतात, धाकट्या मुलाचे दात. घाबरलेलं माणूस असंच पाल्हाळ लावतं. मी मान डोलवत होते आणि मनात बातमीचं पहिलं वाक्य जुळवत होते.

येताना तळकट खाल्लं. उजवीकडे बरगडीखाली पुन्हा तेच दुखणं. पित्त खवळलं असणार. गोळी घेतली.

१५ जानेवारी

भेटीच्या वेळेत नातेवाइकांच्या गर्दीत मिसळून वॉर्डात जाऊन आले. एका बाळंतिणीने चादर सरकवून पोट दाखवलं. शिवलेली जखम पुन्हा उघडलेली. बाळ बहिणीकडे आहे म्हणाली. "दूध येतंय आणि प्यायला कोणी नाही." एवढंच म्हणाली आणि चादर ओढून घेतली.

बाहेर एका शल्यविशारदाला गाडीपाशी गाठलं. त्याने सगळ्याला दुजोरा दिला. "लिहा. लिहाच. पण मी तुम्हाला ओळखत नाही." आणि काच वर केली. या धंद्यात येऊन वीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी काचा वर जाताना बघतेय.

२२ जानेवारी

लिहिलं. एका बैठकीत, सकाळपासून. घरात कोणी नव्हतं, तेही बरं झालं.

पाकोळीला लपवायचं म्हणजे तिला दुसरे कपडे चढवायचे. आमच्याकडे असंच म्हणतात, सूत्राचे कपडे बदलणे. बाईचा पुरुष केला. तळघरातून काढून वर आणला, स्ट्रेचर ढकलायला लावला. तरुण होती, निवृत्तीला आलेला केला. आता तिला कोणी ओळखणार नाही. पण माणूस लाकडी वाटत होता. लाकडी माणसाचं कोण ऐकतं? एक जिवंत खूण हवी होती. खिडकीबाहेर बघत बसले आणि अचानक आलं: हा माणूस रुग्णाला थिएटरकडे नेताना त्याच्या डोक्याशी वाकून गुणगुणतो. ज्या गाठोड्यांची त्याला खात्री नाही त्यांच्याकडे तो रुग्णाला गुणगुणत घेऊन जातो.

लिहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. कुठून आलं कोण जाणे. कधी कधी न मागता असं दान पडतं.

शेवटी नेहमीची ओळ टाकली: ओळख लपवण्यासाठी व्यक्तीचे तपशील बदलले आहेत.

२९ जानेवारी

बातमीचं पान लागलं. संपादकाला आम्ही कात्री म्हणतो. त्यालाही ते माहीत आहे, आणि तो ते बिरुदासारखं मिरवतो.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. मी डॉक्टर नाही, नुसतं आरोग्याचं सदर लिहिते, पण त्याला हा विनोद कधी शिळा होत नाही. "तो गुणगुणणारा म्हणजे कमाल आहे. वाचून माझी बायको रडली."

"बायकोला छापायच्या आधी दाखवता?"

"तीच खरी संपादक. मी नुसता कापतो."

प्रूफ पाहिलं. फोटो मोठा केल्यामुळे खालच्या दोन ओळी गेल्या होत्या. त्यात तपशील बदलल्याची ओळ गेली होती. मला दिसलं. मी बोलले नाही. कात्रीला कारण विचारलं असतं तर त्याने जागेचं सांगितलं असतं. माझं कारण वेगळं होतं. ती ओळ नसताना तो माणूस जास्त खरा वाटत होता.

३० जानेवारी

सकाळपासून फोन. जुन्या मैत्रिणी, डॉक्टर, रुग्णांच्या संघटनेतले लोक. सगळे त्या एकाच वाक्याबद्दल बोलतात.

नवरा संध्याकाळी पेपर हातात घेऊन म्हणाला, "आता तुझ्याशी जपून वागायला हवं. मी दाढी करताना शीळ घालतो ते छापशील." मी हसले. पोट दुखत होतं तरी हसले.

६ फेब्रुवारी

मंत्रालयातून बोलावणं. रुग्णसुरक्षेवर समिती बसते आहे आणि मला सदस्य म्हणून घेताहेत. किती वर्षं मी एकच गोष्ट मागत आले आहे. शस्त्रक्रियेआधी गाठोड्यावरची पट्टी सोलून रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवा. एवढंच. म्हणजे कोणत्या उपकरणांनी कापलं याची खूण त्या माणसाजवळ राहील. निवेदनं दिली, परिषदांत बोलले, लोकांनी टाळ्या वाजवून चहा घेतला. आता ते नियमात येईल. माझ्यासमोर येईल.

घरी सांगितलं तर बबडी म्हणाली, "आई, तू आता सरकारी झालीस." सतराव्या वर्षीही बबडी म्हटलेलं तिला चालत नाही, आणि मला दुसरं काही म्हणता येत नाही.

१० फेब्रुवारी

रविवारच्या सदरासाठी पत्रांना उत्तरं लिहिली. एका बाईंनी विचारलंय, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, खांद्यापर्यंत जाते, काय करू? मी लिहिलं: घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सोनोग्राफी करून घ्या, पित्ताशयात खडे असू शकतात.

मग स्वतःची गोळी घेतली. आजकाल तिचाही उपयोग होत नाही. कंपनी बदलून पाहते.

१३ फेब्रुवारी

पाकोळीचा फोन. मला वाटलं अभिनंदन करते आहे.

"ताई, तुम्ही मामांना का घातलंत त्यात?"

"कोणते मामा?"

ती म्हणाली, "स्ट्रेचरवाले मामा. मीच तर सांगितलं होतं तुम्हाला. गुणगुणतात ते. काल त्यांना निलंबित केलं. बातमी फोडली म्हणून."

मी म्हणाले, असं कसं होईल, ते मी मनाने लिहिलंय. खरोखर असंच म्हणाले. आणि म्हणता म्हणता ते बाक आठवलं, तिचे गुडघे, तिची सासू, पाणचट चहा. मी मान डोलवत होते. ऐकत नव्हते असं मला वाटत होतं, पण कान आपलं काम करत होते.

दान कसलं? चोरी केली आणि तीही नकळत. एका माणसाला लपवायला मी दुसऱ्या माणसाची कातडी पांघरली.

१४ फेब्रुवारी

रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटले. टेबलावर ताजी फुलं, पाण्याचा ग्लास झाकलेला. मी म्हणाले, तुम्ही चुकीच्या माणसाला धरलंय. मला माहिती देणारा तो नाही.

"मग कोण?"

"ते सांगता येणार नाही."

"बाई, मग आम्ही काय समजायचं? आपल्या माणसाला वाचवायला प्रत्येक पत्रकार हेच म्हणतो." ते हसून बोलत होते. "वय तुम्ही लिहिलंत, काम तुम्ही लिहिलंत, गुणगुणतो हेही तुम्हीच लिहिलंत. आमच्या रुग्णालयात गुणगुणणारा एकच आहे हो."

दाराशी आल्यावर म्हणाले, "समितीबद्दल अभिनंदन."

१७ फेब्रुवारी

मामांच्या घरी गेले. पत्ता पाकोळीने दिला. जिना अरुंद, वर दोन खोल्या, भिंतीवर घड्याळ. मामींनी दार उघडलं आणि मी कोण ते सांगितल्यावर दारातच उभ्या राहिल्या.

"या. बघून घ्या नीट. पुढच्या वेळी घरही लिहाल."

"अगं, आत तर येऊ दे त्यांना," आतून आवाज आला.

मामा खाटेच्या कडेला बसले होते. काम नसलेल्या माणसाला स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखं बसावं लागतं, तसे. मी सगळं सांगितलं. माझ्याकडून काय झालं, कसं झालं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मला मध्येच तोडलं नाही.

मग म्हणाले, "खालचा दुकानदार मला हात जोडतो. शूर आहात म्हणतो. मी काय सांगू त्याला? त्या पट्ट्या मी रोज बघत होतो. फिक्या आहेत, दिसत होतं. मी कुणालाच काही बोललो नाही हो. निवृत्ती जवळ आली, कशाला लफडं, म्हटलं. बोललो असतो आणि काढलं असतं तर निदान हक्काची शिक्षा झाली असती."

मामी म्हणाल्या, "करून गेला गाव आणि यांचं नाव."

मी उठताना मामा म्हणाले, "ते गुणगुणणं. मला कधी कळायचंही नाही मी गुणगुणतोय ते. आता कळतं. आंघोळ करताना तोंड उघडलं की ती ओळ आठवते तुमची. आवाजच निघत नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

कात्रीला म्हणाले, खुलासा छापायचा. त्या माणसाचं वर्णन मी रचलं, असं स्पष्ट.

त्याने दार लावलं. "डॉक्टरीणबाई, खुलासा छापला की बातमी मेली. माणूस खोटा, तर पट्ट्याही खोट्या. उद्या तेच म्हणतील. आणि समिती? तुम्हाला ठेवतील तिथे? वीस वर्षं ज्या नियमासाठी घसा कोरडा केलात, तो नियम एका स्ट्रेचरवाल्यासाठी सोडणार?"

"ती ओळ असती तर…"

"ती मी कापली, कबूल. पण प्रूफवर सही कोणाची आहे?"

सही माझी होती. तो वाईट माणूस नाही. त्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "थोडं थांबा. चौकशीत सुटेल तो. पुरावा काय आहे त्यांच्याकडे?"

मी थांबायचं ठरवलं. इथे खोटं लिहून काय उपयोग? मला थोडं बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. लांब टेबल, प्रत्येकापुढे नावाची पाटी. पट्टीचा विषय मी मांडला आणि अध्यक्षांनी तो पुढच्या बैठकीच्या मसुद्यात घ्यायला सांगितला. माझं बोलणं कोणीतरी लिहून घेत होतं. असं आधी कधी झालं नव्हतं.

चहाच्या वेळी एक बाई म्हणाल्या, "तुमचा तो गुणगुणणारा कसा आहे हो? सुरक्षित आहे ना?"

मी म्हणाले, हो.

२४ फेब्रुवारी

दिवसभर पडून होते. याने मऊ भात करून दिला, तोही पोटात राहिला नाही.

"डॉक्टरला दाखव," हा म्हणाला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

बबडी दाराशी टेकून उभी होती. "तू तुझ्याच सदरात पत्र टाक ना. 'एक त्रस्त वाचक' म्हणून."

मी म्हणाले, मनाचा ताण आहे, पोटावर उतरतो. मग दोघांना सगळं सांगितलं. मामा, मामी, बैठक, मी म्हटलेलं हो.

याने भाताचं ताट उचलून आत नेलं. याच्या ताट उचलण्यातही मत असतं. बबडीने विचारलं, "म्हणजे तू लपवलंस ती सुरक्षित आहे, आणि ज्याला तू ओळखतही नव्हतीस तो अडकला?"

"हो."

"मग सांगून टाक ना की तू बनवलंस. तूच तर बनवलंस."

तिला सोपं वाटतं. तिच्या वयात सोप्या गोष्टी दिसतात. पण त्या खऱ्याच सोप्या असतात की काय, या विचाराने डोळा लागला नाही.

२६ फेब्रुवारी

त्याच बाकावर पाकोळीला भेटले. आज ती बाकाच्या टोकाला बसली.

मी तिला काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते. म्हणाले, तू आपणहून पुढे आलीस तर मी तुझ्या पाठीशी उभी राहीन. संघटना आहे, वकील आहेत, समितीवर मी आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मी फक्त विचारते आहे."

"मामांसाठी विचारताय की स्वतःसाठी?"

पाकोळी उडून गेली. मी बाकावर उरले. उत्तर मला माहीत होतं. मामा सुटावेत, बातमी जगावी, समितीही राहावी, आणि त्याची किंमत तिने द्यावी, असं मी मागत होते.

घरी न जाता कचेरीत गेले. कात्रीसमोर बसून खुलासा लिहिला. त्याने वाचला, खिशातून पेन काढलं, एक शब्दही कापला नाही.

२ मार्च

छापून आला. पहिल्या पानावर, चौकटीत.

'३० जानेवारीच्या बातमीत वर्णन केलेल्या, स्ट्रेचर नेणाऱ्या कर्मचाऱ्याने आम्हाला कोणतीही माहिती दिलेली नाही. खऱ्या व्यक्तीची ओळख लपवण्यासाठी ते वर्णन मी रचलं, आणि तसं वाचकांना सांगितलं नाही. रचताना एका खऱ्या माणसाची सवय माझ्या लेखणीत आली. त्याची शिक्षा त्याला झाली. फिक्या पट्ट्यांबद्दलचं प्रत्येक वाक्य खरं आहे.'

शेवटच्या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार, हे लिहितानाच कळत होतं.

५ मार्च

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. महिन्यापूर्वी ज्यांनी फोन केले त्यांनी आता लांबलचक संदेश पाठवले, 'वाईट वाटलं' असे. अधीक्षकांनी पत्रक काढलं: वृत्तपत्राने स्वतःच बातमी रचल्याचं मान्य केलं आहे. रुग्णांच्या संघटनेतला माझा जुना मित्र म्हणाला, "तू आपल्या सगळ्यांचं बोलणं स्वस्त केलंस." तो चुकीचं बोलला नाही.

दुपारी समितीच्या सचिवांचा फोन. आवाज अतिशय मऊ. "आपल्यावर कामाचा ताण आहे असं अध्यक्षांना वाटतं. तब्येतीला जपा."

"पट्टीचा विषय?"

"तो तूर्त मागे ठेवलाय."

फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. पोटात मात्र अशी कळ आली की जमिनीवर बसले.

१९ मार्च

मामांना कामावर परत घेतलं. माझ्या खुलाशाने त्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. बातमी खोटी ठरवायची, तर त्यांना परत घेणं रुग्णालयाच्या सोयीचं होतं. सोयीने का होईना, झालं.

त्यांना फोन केला. मामींनी उचलला. "गेलेत कामावर," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "जेवून गेलेत." त्या दोन शब्दांसाठी मी त्यांची ऋणी आहे. पुन्हा फोन करू नका, हेही त्यांनी सांगितलं.

सदर कात्रीने चालू ठेवलंय, नावाशिवाय. 'आमचा आरोग्य प्रतिनिधी' म्हणून. मलाही कपडे बदलून मिळाले.

८ एप्रिल

आज सकाळी अंघोळीहून येताना कोसळले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय, हे बबडीने आरशापुढे उभं करून दाखवलं. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, एक नळीत अडकलेला. ताबडतोब ऑपरेशन.

डॉक्टरने विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मी म्हणाले, जानेवारीच्या आधीपासून. "तुम्ही त्या सदर लिहिणाऱ्या ना?" त्याने हसू दाबलं. याने दाबलं नाही. पण माझा हात सोडलाही नाही.

हा म्हणाला खासगी रुग्णालयात जाऊ. मी म्हणाले, त्याच सरकारीत. लोकांना मी जन्मभर सांगत आले की ही रुग्णालयं आपली आहेत, सोडून देऊ नका, सुधारा. आता स्वतःच्या पोटाची वेळ आली तर रस्ता बदलू?

"आणि त्या पट्ट्या?" याने विचारलं. "खऱ्या होत्या असं तूच म्हणतेस."

मला भीती वाटते. ती याला सांगितली नाही, इथे लिहिते. याला वाटतं मी तत्त्वासाठी जाते आहे. मला कळत नाही मी कशासाठी जाते आहे.

१२ एप्रिल, वॉर्डातून

बबडीने वही आणून दिली. "वाचली नाहीये," म्हणाली. "मोह झाला होता."

आठवेल तसं लिहिते. त्या दिवशी स्ट्रेचर घेऊन मामाच आले. केसपेपरवर नाव वाचलं. माझ्याकडे पाहिलं. चादर ओढून माझी पावलं झाकली, कठडा वर केला आणि निघालो. छतावरचे दिवे एकामागून एक डोळ्यांवरून जात होते. एक चाक करकरत होतं. मी कान लावून पडले होते. तेवढाच आवाज, चाकाचा.

थिएटरच्या दाराशी ते थांबले. डोक्याशी वाकले.

"आज रेघा काळ्या आहेत," ते हळूच म्हणाले. "मी खाली जाऊन बघून आलो."

मला क्षमा मागायची होती. तोवर दार उघडलं.

काल सिस्टर केसपेपर बदलत असताना मला दिसलं, त्यावर कोपऱ्यात एक पट्टी चिकटवलेली, तिरपी, घाईत लावल्यासारखी. रेघा काळ्याभोर. मी विचारलं, समितीने नियम केला का?

"नियम कसला?" सिस्टर म्हणाली. "तळघरातून निरोप आला होता, तुमच्या कागदावर लावा म्हणून."

बातमीदार बाई पुन्हा काही छापेल, या धाकाने अधीक्षकांनीच सांगितलं असणार. दुसरं कोण?

शेजारच्या खाटेवर एक आजीबाई आहेत, आजच ऑपरेशन होऊन आलेल्या. त्यांचा केसपेपर मी मागून घेतला, वरून खालपर्यंत बघितला. पट्टी नव्हती. त्यांच्या लेकीला म्हणाले, उद्या सकाळी डॉक्टर आले की विचार, पट्टी कुठे आहे. न घाबरता विचार. ती मला म्हणाली, "तुम्ही डॉक्टर का?" मी म्हणाले, नाही, पेशंट.

आजीबाईंना मात्र पट्टीशी देणंघेणं नव्हतं. गुंगीतून वर येत त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या. "काय गं बाई ते मामा! जाताना असं गोड गुणगुणले कानाशी, माझी भीतीच पळाली. तुम्हाला कोणतं गाणं म्हटलं त्यांनी?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "औषध दिलं होतं ना."

"मला तर पक्कं आठवतंय." आणि कोरड्या ओठांनी, डोळे मिटून, त्यांनी मला त्यातली एक ओळ म्हणून दाखवली. बेसूर, अर्धवट, पण लगेच ओळखू आली. लहानपणी आई माझी वेणी घालताना हेच म्हणायची.

कोणतं, ते इथे लिहिणार नाही. वही कुलपात असते, तरीही.